पाऊण तासाची चूल

जेवणाच्या सुट्टीत कंपनीबाहेर पडायचं, शेतात चूल पेटवायची, काहीतरी शिजवून खायचं, चूल विझवायची आणि वेळेत परत येऊन पंच करायचं, हे नोकरी सांभाळून जमतं का, असं अलीकडे बऱ्याच जणांनी विचारलं. जमतं. आम्ही दोघींनी डिसेंबर २०२४ पासून जून २०२५ पर्यंत ते केलं. पण परवानगीच्या अर्जापासून चुलीतल्या राखेपर्यंत प्रत्येक गोष्ट विचारत विचारत शोधावी लागली, कारण आमच्या वसाहतीत असं आधी कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर त्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून क्रमाने लिहिते आहे.

मी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. जनरल शिफ्ट साडेआठ ते सव्वापाच, जेवणाची सुट्टी पावणेएक ते दीड. मोजमापाची खोली एसी, खिडक्या कायम बंद. सुट्टी कँटीनच्या रांगेत आणि मोबाइलवर संपायची. उघड्यावर राहता यावं, स्वतःचं स्वतः रांधून खाता यावं ही माझी फार जुनी ओढ. ट्रेकला गेलं की चूल कुणीतरी दुसरा पेटवायचा, ताडपत्री तिसरा बांधायचा आणि माझ्याकडे कांदे चिरायचं काम यायचं. महिन्यातून एखाद्या रविवारी करून या कामांना हात बसत नाही. रोज थोडं थोडं करावं लागतं, आणि माझ्याकडे रोजचा मोकळा वेळ म्हणजे ही पाऊण तासाची सुट्टी.

स्टोअरमधली माझी सहकारी याच तालुक्यातली. कंपनीच्या मागच्या गेटपासून पाच-सहा मिनिटांवर तिच्या चुलत मामांचं शेत आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणते. दिवाळीत तिने तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "या की. फक्त पेटवलेलं विझवून जात जा." पुढे सगळे महिने आम्ही मुख्यतः हे एकच वाक्य पाळायला शिकत होतो.

तात्या हो म्हणाले, पण कंपनीचं हो मिळायला चार आठवडे लागले. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५५ नुसार सलग पाच तासांहून जास्त काम करून घेता येत नव्हतं, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागायची. त्या विश्रांतीत गेटबाहेर जायचं की नाही हे मात्र प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. आमच्याकडे सुट्टीत बाहेर जायला त्या त्या दिवशी आउटपास लागतो आणि त्यावर विभागप्रमुखांची सही. रोज सहीसाठी धावणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवारी, ११ नोव्हेंबरला आम्ही एचआरकडे कायमच्या आउटपासचा अर्ज दिला. अर्जात 'शेतावर जेवायला जाणे' एवढंच लिहून चाललं असतं, असं नंतर काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. आम्ही 'चूल पेटवून स्वयंपाक करणे' असं स्पष्ट लिहिलं, त्यामुळे प्रश्न जास्त आले, पण नंतर कुणाला काही लपवावं लागलं नाही.

प्रश्न तीन होते. बाहेर चटका बसला किंवा साप चावला तर तो ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, हिशेबात कामावरचा अपघात धरायचा का? आग पसरली तर जबाबदार कोण? आणि जमीन नक्की कुणाची?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी हमीपत्र मागितलं, तेही स्टॅम्पपेपरवर. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागायला लागला होता, म्हणजे दोघींचे मिळून हजार. आम्ही विनंती केली की कंपनीअंतर्गत कागद आहे, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालेल का. चार दिवसांनी हो आलं. असं काही मागितलं तर आधी नम्रपणे विचारून बघा. बहुतेक वेळा मागणाऱ्याला फक्त फाइलमध्ये कागद हवा असतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी सातबारा. जवळच्या डोंगरावर वनखात्याची जमीन आहे आणि राखीव वनात विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे जमीन खासगी असल्याचा पुरावा मागणं बरोबरच होतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर पंधरा रुपयांत लगेच निघतो. निघाला, आणि त्यावर तात्यांच्या जोडीला त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव दिसलं. मग एचआर म्हणालं, दोन्ही धारकांची संमती हवी. भाऊ नाशिकरोडला. ते कांद्याची लागण बघायला यायचे होते त्या रविवारची, १ डिसेंबरची, वाट पाहिली. बांधावर उभं राहून त्यांनी सही केली आणि विचारलं, "चहा देणार ना?" तुम्ही कुणाच्या शेतात जाणार असाल तर सातबारा आधी काढून नावं मोजा. आमचे दोन आठवडे तिथेच गेले.

५ डिसेंबरला सेफ्टी ऑफिसर स्वतः जागा बघायला आले. मला त्यांची भीती वाटत होती, पण या सगळ्या प्रकारात सर्वांत उपयोगाची माणसं मोजली तर ते पहिले. त्यांनी चुलीची जागा ठरवून दिली: विहिरीजवळचा मोकळा तुकडा, चहूबाजूंनी तीन मीटर गवत खरवडून मुरूम उघडा केलेला, वर झाडाची फांदी नाही, आणि पेटवण्याआधी शेजारी पाण्याचे दोन भरलेले कॅन. वारा असेल त्या दिवशी विस्तव नाही. दोघींपैकी एक रजेवर असेल तर दुसरीने जायचं नाही. सोमवारी, ९ डिसेंबरला सहा महिन्यांचं पत्र हातात पडलं.

काडेपेटी, लायटर, सुरी यातलं काहीही गेटमधून आत नेता येत नाही. म्हणून सामान कायम तात्यांच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत. जुनी पेटी ३५० रुपये, बाजारातल्या लोहाराकडून छोटा कोयता २८०, लोखंडी तवा २२०, पंधरा लिटरचे दोन कॅन ३००, आणि ठिणगी पाडायचा फेरो रॉड ऑनलाइन ३२०. पातेलं, पळी, ताटल्या घरच्या जुन्या. दीड हजाराच्या आत सगळं झालं. याहून जास्त काही लागत नाही. महागाचे चाकू आणि फोल्डिंग स्टोव्ह घेऊ नका.

आता वेळेबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे. पंच करून शेतात पोचायला सात मिनिटं, परत यायला सात. उरली एकतीस. चूल विझवणं, भांडी घासणं, हातपाय धुणं याला आठ. जेवायला आठ. म्हणजे पेटवणं आणि शिजवणं मिळून पंधरा मिनिटं. आम्ही हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करायचो: एक वाजून पंधरा मिनिटं झाली की काहीही शिजत असो, पाणी ओतायचं. मोबाइलला तोच गजर. एखादी भाजी कच्ची राहिली तर भाकरी आणि चटणी डब्यात असायचीच. विझवण्याची आठ मिनिटं कशासाठीही कमी करायची नाहीत, हे ठरल्यावर बाकीचे निर्णय सोपे झाले.

पहिल्या आठवड्यात काही शिजवलं नाही. फक्त पेटवायचं आणि विझवायचं. तीन दगडांची चूल, तोंड वाऱ्याकडे. दगड ओढ्यातले आणू नका, त्यांच्या भेगांत पाणी असतं आणि तापल्यावर ते फुटून उडतात. बांधावरचे, उन्हात पडलेले, भोकं नसलेले काळे दगड घ्या. कुठलाही दगड किंवा लाकूड उचलण्याआधी काठीने हलवून बघा, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. पायात कंपनीचेच सेफ्टी शूज ठेवायचो, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. ओढणी सुती, आणि तीही कमरेला घट्ट बांधलेली. नायलॉनची ओढणी घालून चुलीजवळ बसूच नका.

जळणाची निवड तात्यांनी शिकवली. पेटवायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि नारळाची शेंडी, मग बाभळीच्या किंवा बोरीच्या वाळलेल्या काटक्या. बाजरीच्या सरमाडाला हात लावायचा नाही, तो गुरांचा चारा. गळून पडलेलं आणि वाळलेलंच घ्यायचं. उभी झाडं तोडण्यावर राज्यात १९६४ पासून कायदा आहे, आणि ओलं लाकूड तसंही नुसता धूर करतं. कण्हेर बांधावर सगळीकडे असते, तिची काडी ना जाळायची ना ढवळायला घ्यायची, ती विषारी आहे. आमच्या पंधरा मिनिटांसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र वेगळीच होती: अंगठ्यापेक्षा जाड लाकूड घालायचंच नाही. जाड लाकूड उशिरा पेटतं आणि त्याहून उशिरा विझतं. बारीक काटक्या सतत सरकवत राहाव्या लागतात, पण शिजून होईपर्यंत त्या संपलेल्या असतात आणि विझवायला फक्त निखारे उरतात.

विझवणं असं: निखारे काठीने पसरायचे, पाणी ओतायचं, तळापर्यंत ढवळायचं, परत पाणी. मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ न्यायची, ऊब लागली नाही तरच राखेत हात घालून चाचपायचं. कुठेही कोमट लागलं तर पुन्हा पाणी. तात्या सुरुवातीला आम्ही गेल्यावर येऊन बघायचे. जानेवारीत त्यांनी बघणं सोडलं, आणि मला त्याचा जितका आनंद झाला तितका नंतर कशाचाच झाला नाही.

पहिला पदार्थ कोरा चहा. मग पिठलं, हे या वेळेत अगदी बसतं. लहान काटेरी वांगी निखाऱ्यात भाजून भरीतही बसतं, पण मोठं भरताचं वांगं बसत नाही. राखेत बटाटा ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याला अर्धा तास तरी हवा, तो रविवारसाठी ठेवा. मूगडाळ-तांदळाची खिचडी मात्र होते. सकाळी साडेआठला एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ धुऊन डब्यात भिजत घालायची आणि सुट्टी झाल्यावर कँटीनमधून उकळतं पाणी थर्मासात भरून न्यायचं. भिजलेले दाणे आणि आधीच तापलेलं पाणी, दहा-बारा मिनिटांत मऊ शिजतात. थर्मास ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची युक्ती आहे.

पातेली काळीकुट्ट व्हायला लागली तेव्हा तात्यांच्या घरच्या काकूंनी सांगितलं, चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा पातळ लेप द्यायचा. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. घासायची तीन मिनिटं वाचली.

संक्रांतीच्या आसपास ज्वारी हुरड्यात आली. हुरडा भाजायची आगटी पेटून गोवऱ्यांचे निखारे व्हायला वेळ लागतो, तो आमच्याकडे नव्हता, म्हणून तात्यांनी बारा वाजताच पेटवून ठेवली होती. कणसं निखाऱ्यात खुपसायची, फिरवायची, काढून गरम गरम हातावर चोळायची. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. त्या दिवशी विभागप्रमुख स्वतः आले होते. परत जाताना म्हणाले, पुढच्या वेळी मला आदल्या दिवशी सांगा.

फेब्रुवारीत गवत पिवळं पडलं आणि दुपारचा वारा वाढला. होळीनंतर, म्हणजे १४ मार्चपासून, आम्ही विस्तव पूर्ण बंद केला. परवानगी जूनपर्यंत होती, पण पत्रात लिहिलंय म्हणून वाळल्या रानात पेटवायचं हे बरोबर नाही. या कोरड्या महिन्यांसाठी कामं मुद्दाम शिल्लक ठेवली होती. गाठी: निरगाठ, सुरगाठ, सरकफास, ताडपत्रीचा कोपरा दगड गुंडाळून बांधणं. कोयत्याने खुंट्या तासणं. जेवण डब्यातलं, वर कैरीची कोशिंबीर नाहीतर तिथेच कालवलेली भेळ.

आणि चकमक. सिन्नर हे बिड्यांचं गाव. तात्या सांगतात, त्यांचे वडील शेतात बिडी पेटवायला चकमक वापरायचे. ती आता घरात नाही, पण गारगोटीला इथे तोटा नाही. विहीर खणली की खडकाच्या पोकळ्यांतून स्फटिक निघतात. अशा खनिजांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आमच्या एमआयडीसीत आहे. मात्र बघायला सुंदर ते सगळे स्फटिक ठिणगीला चालत नाहीत. झिओलाइट मऊ असतात, चुरा होतात. कठीण, पांढरट, फोडल्यावर धारदार कड येणारी गारगोटी हवी. ठिणगी दगडाची नसते, दगडाने खरवडलेल्या पोलादाच्या कणाची असते, म्हणून पोलादही कडक लागतं. स्टेनलेस स्टील चालत नाही. झिजलेली कानस उत्तम.

टूलरूममध्ये भंगारात जुन्या कानशी पडलेल्या होत्या. एक मागितली. मिळाली, पण भंगारसुद्धा गेटबाहेर न्यायला परत न येणाऱ्या मालाचा गेटपास लागतो, त्यावर किंमत लिहावी लागते. दहा रुपये लिहिले, भरले, पावती घेतली, तीन सह्या झाल्या. टूलरूमच्या दादांनी एका कडेचे दाते ग्राइंडरवर काढून दिले, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत. कानस तापून निळी पडली की तिचा कडकपणा जातो आणि ठिणगी मिळत नाही.

ठिणगी झेलायला जळका कापूस लागतो. तो होळीच्या आधीच करून ठेवला होता: जुन्या सुती साडीचे तुकडे बूटपॉलिशच्या डबीत, झाकणाला खिळ्याएवढं भोक, डबी निखाऱ्यावर. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडायची नाही. एप्रिलभर मोटारीच्या खोलीच्या सिमेंटच्या ओट्यावर आम्ही फक्त ठिणगी झेलायचा सराव केला. कापडावर लाल ठिपका धरला की फुंकर न घालता पाण्यात टाकायचा. जाळ नाही, धूर नाही.

मे २०२५ कसा गेला ते नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ऐन उन्हाळ्यात पाऊस सुरू झाला. तात्यांचा कांदा काढून शेतात पडलेला, चाळीत जायचा होता. एका दुपारी ढग भरून आले तेव्हा आम्ही डबे ठेवले आणि चौघांनी मिळून ढिगांवर ताडपत्र्या ओढल्या. कोपऱ्यांत लहान गोटे गुंडाळून सरकफास टाकला, दोऱ्या खुंट्यांना ताणल्या. खुंट्या आम्हीच तासलेल्या. वारा सुटला, ताडपत्री फडफडली, सुटली नाही. बाहेर राहिलेला कांदा भिजून गेला, झाकलेला बराचसा वाचला. कपडे ओले घेऊन मी पंच केलं आणि उशिराची नोंद लागली. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी काही न विचारता ती काढायला सही दिली.

जमीन भिजल्यावर मेअखेर चूल पुन्हा सुरू झाली. ओल्या दिवसांत काटकी बाहेरून भिजलेली असली तरी आतून कोरडी असते. मनगटाएवढा ओंडका कोयत्याने उभा चिरायचा आणि मधल्या पट्ट्या वापरायच्या. शेंडी, तुराट्या आणि गोवऱ्या मोटारीच्या खोलीत वर टांगून ठेवलेल्या. पहिल्या कोरड्या दुपारी चकमकीचा ठिपका जळक्या कापसावर धरला, शेंडीच्या घरट्यात ठेवला, हळूहळू फुंकला आणि जाळ झाला. त्यावर खिचडी. माझ्या सहकारीने खिचडीचा फोटो काढला. मी पळी सोडायला तयार नव्हते.

आमचं पत्र ८ जूनला संपत होतं. नूतनीकरणाचा अर्ज १२ मेला दिला, नवं पत्र ५ जूनला मिळालं. तेवढे दिवस धरूनच अर्ज करा. आता नावं चार आहेत, पॅकिंगमधल्या दोघी जणी येणार आहेत. नव्या पत्रात होळी ते पाऊस या काळात विस्तव बंद ही अट आम्हीच घालून घेतली. पण तात्यांना या वर्षी विहिरीजवळच्या तुकड्यात सोयाबीन पेरायचं आहे, चूल खालच्या बांधाला हलवावी लागेल. जागा बदलली की सेफ्टी ऑफिसरची पाहणी आणि हाताने काढलेला नकाशा नव्याने लागतो. नकाशा काढून झाला आहे, चारही बाजूंची अंतरं टेपने मोजून लिहिली आहेत, पाहणी गुरुवारी आहे.